एक्केचाळिसावं झाड

शिक्केवाल्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. जंगलात जी झाडं तोडायची ठरतात, त्यांच्यावर शिक्का मारणं हे त्याचं काम. ऐकायला किती सोपं, नाही? पण बावीस वर्षं रोज पहाटे उठून, ओल्या पानांतून चार-चार मैल तुडवून, एकेका झाडापुढं उभं राहून ‘हे जाणार’ असं ठरवायचं, म्हणजे गंमत नव्हे.

त्याच्याकडे एक हातोडी होती. एका बाजूला लहानसं पातं, दुसऱ्या बाजूला शिक्का: गोल, आणि गोलात तीन उभ्या रेघा. पात्यानं साल तासायची, हातोडी फिरवायची आणि घाव घालायचा. एक शिक्का छातीच्या उंचीवर, दुसरा खाली, मुळाशी. झाड पडलं की वरचा शिक्का ओंडक्याबरोबर जातो आणि खालचा खुंटावर राहतो, म्हणजे उद्या कोणी तपासायला आलं तर हे झाड चोरीनं तोडलेलं नाही हे कळतं. शिक्क्याखाली काळ्या रंगानं नंबर लिहायचा. शिक्का पडलेलं झाड हंगाम संपायच्या आत उतरलंच पाहिजे, त्यात माफी नाही. आणि चुकून भलत्याच झाडावर शिक्का पडला, तर तो रद्द करायचा एकच मार्ग: तीच हातोडी, तोच हात, शिक्क्यावर आडवा घाव.

हे झाले खात्याचे नियम. आणखी एक नियम कुठल्याच कागदावर नव्हता. तो त्याला सासऱ्यांनी घालून दिला होता. त्याच्याआधी हातोडी त्यांच्याकडे होती.

“आधी उघडा तळहात खोडावर ठेवायचा, जावईबापू,” हातोडी सोपवताना ते म्हणाले होते. “तीन श्वास थांबायचं. सकाळी झाड गार असतं. गार लागलं तर खुशाल घाव घाला. ऊब लागली, तर हात काढायचा, माफी मागायची आणि मागं न बघता पुढं चालायचं.”

“ऊब कशाला लागेल, मामा?”

“झाडांत एक जण उभा असतो. दिसायला झाडच. जंगल त्याच्या राखणीत आहे. आम्ही त्याला थोरला म्हणतो.” एवढं बोलून सासऱ्यांनी विषय संपवला तो संपवलाच.

बावीस वर्षांत शिक्केवाल्यानं हजारो खोडांवर हात ठेवला. सगळी गार. मग माणसाचा विश्वास कसा टिकणार, सांगा बरं? विश्वास केव्हाच उडाला होता. राहिली होती ती सवय. दाराची कडी लावली आहे हे माहीत असूनही आपण परत एकदा हात लावून बघतोच की, तशी.

आता बारक्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याच्यापायीच सांगतो आहे. बारक्या हा शिक्केवाल्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली. बहीण नुकती लग्न होऊन आलेली, पण तिनं भावाला जे कडेवर घेतलं ते खाली म्हणून ठेवलं नाही. जोडप्याला स्वतःचं मूल झालं नाही, आणि बारक्यानं घरात इतका गोंधळ घातला की ती उणीव कोणाच्या लक्षातही आली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला त्याला टेकवून उभं करायचं आणि डोक्याच्या वर सुरीनं एक खाच पाडायची, हा ताईचा छंद. गुडघ्याएवढ्या उंचीपासून खाचा सुरू होत होत्या आणि विसाव्या वर्षी सहा फुटांपाशी थांबल्या होत्या. नाव मात्र बारक्याच राहिलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता, तोडीच्या टोळीचा मुकादम होता, आणि शिक्केवाला ज्या झाडांवर शिक्का मारी त्यांना तो करवत लावी.

हे घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी बारक्यानं भाऊजींपुढं एक पुडकं ठेवलं. आत हातमोजे होते, जाड चामड्याचे, आतून लोकर लावलेले.

“हात बघा तुमचे,” तो म्हणाला. “भेगांतून रक्त येतं. ताईला बघवत नाही, आणि मला तिची कटकट ऐकवत नाही. उद्यापासून हे घालायचे.”

“मी काय साहेब आहे?”

“घालायचे म्हणजे घालायचे, भाऊजी.”

शिक्केवाल्याचा ऊर भरून आला, पण तो पडला घुम्या. नुसता हुंकार दिला आणि मोजे उशाशी घेऊन झोपला.

सकाळी धुकं असं दाट होतं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. हंगामाचे दहाच दिवस उरले होते, त्यामुळे सुट्टी घेण्याचा प्रश्नच नव्हता. मोजे घालून तो निघाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा थंडीत त्याची बोटं दुखत नव्हती. मनातल्या मनात बारक्याला आशीर्वाद देत तो झाडामागून झाड उरकत गेला. प्रत्येक खोडावर हात ठेवला, तीन श्वास थांबला, घाव घातला. सवय मोडली नव्हती. फक्त हात उघडा नव्हता, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एक्केचाळिसाव्या झाडाशी घाव वेगळा वाजला. झाडावर घाव घातला की खणखणीत आवाज येतो. इथं आला तो ढब्ब असा, भरल्या पोत्यावर काठी मारावी तसा. हातोडी क्षणभर आत धरल्यासारखी झाली आणि मग सुटली. खाली मुळाशी दुसरा शिक्का मारताना त्याला वाटलं, वर कोणी तरी लांब श्वास सोडला. वारा असेल, असं म्हणून त्यानं नंबर लिहिला. बेचाळिसाव्याकडे जाताना त्याला कसला तरी वास आला, बंद खोली खूप दिवसांनी उघडल्यावर येतो तसा. त्यानं नाक पुसलं आणि पुढं गेला.

साठ झाडं करून तो दुपारी जेवायला घरी आला. सासरे खिडकीशी खुर्चीत बसलेले. पाय गेले होते, पण रोजचा प्रश्न काही गेला नव्हता.

“हात ठेवलात ना?”

“ठेवला, मामा.” रोजचंच उत्तर.

त्यानं मोजे काढून टेबलावर टाकले. सासऱ्यांची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी हात लांब करून डावा मोजा उचलला, उलटा केला. नवं कोरं चामडं, पण तळव्याच्या जागी ते आकसलं होतं, कडक होऊन तडकलं होतं. चुलीच्या फार जवळ राहिलं की चामड्याचं जे होतं, ते झालं होतं.

“हे घालून हात ठेवलात?” सासऱ्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

शिक्केवाल्यानं उचललेला घास ताटात परत ठेवला. त्याला तो ढब्ब आवाज आठवला.

“कितवं होतं?”

“एक्केचाळीस...”

“बारक्या कुठं आहे?”

“जेवण बरोबर नेलंय त्यानं,” बायको आतून म्हणाली. “दुपारपासून तोड सुरू करणार होता. का हो?”

“शिक्का रद्द करून या,” सासरे म्हणाले. “करवत लागायच्या आत. जा...”

तो ताटावरून तसाच उठला. हातोडी घेतली, मोजे टेबलावरच राहिले. बायको मागून काय विचारत होती ते त्यानं ऐकलं नाही. पन्नाशीचा माणूस, पण तो धावला, आणि धुकं अजून तिथंच होतं, सकाळी सोडलं तसं. अडतीस सापडलं. एकोणचाळीस, चाळीस. चाळिसावर त्यानंच लिहिलेला आकडा अजून पुरता वाळला नव्हता. तो पुढं गेला आणि समोर आलं बेचाळीस.

मध्ये काही नव्हतं. तो मागं आला, परत पुढं गेला. चाळीस. बेचाळीस. मध्ये खुंट नव्हता, खड्डा नव्हता, पडलेलं लाकूड नव्हतं. नुसती जमीन होती, माती वर आलेली आणि मग हातानं थापून सारखी केल्यासारखी. तिथली पानं कोरडी होती. बाकी सगळीकडे दवानं चिखल झाला होता आणि एवढीच जागा कोरडी ठाक. त्यानं सकाळी तासलेली सालीची ढलपी तिथंच पडली होती. उचलली तर ती अजून कोमट होती.

मग त्याला दिसलं की दोन्ही बाजूंच्या झाडांचं शेवाळ खरवडून निघालं आहे. पुढच्या झाडांचं पण, त्यापुढच्याही. काही तरी रुंद, त्यांना घासत घासत गेलं होतं. रस्त्याच्या दिशेनं. आणि रस्त्याच्या दिशेनंच त्या क्षणी करवतीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

शिक्केवाला ओरडत धावला. बारक्याचं नाव घेत होता, देवाचं घेत होता, काय घेत होता ते त्याचं त्याला कळत नव्हतं. करवत लाकडाला लागली की तिचा आवाज बदलतो. तो बदल त्यानं ऐकला. आणि मग करवत एकदम गप्प झाली. बंद केल्यावर इंजिन जरा धापा टाकतं, तेवढंही नाही. फटफट चालू होती आणि नव्हती.

रस्त्यावर लाकूड नेणारी गाडी उभी होती. गाडीवाला आत बसला होता, दोन्ही हात चाकावर घट्ट, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“बारक्या कुठंय?”

“तो म्हणाला... एक्केचाळीस नंबरचं रस्त्यालाच लागून उभं आहे, ओढायचा त्रास नाही, टोळी येईपर्यंत तेवढं एक पाडू.” गाडीवाला समोरच बघत बोलत होता. “मी रोज इथं गाडी लावतो. काल इथं झाड नव्हतं. मी त्याला म्हणालो तसं. तो हसला. करवत लावली आणि... धुकं मध्ये आलं. मला काही दिसलं नाही. शप्पथ, काही दिसलं नाही.”

गाडीच्या पलीकडे, मोकळ्या जमिनीवर बारक्या बसला होता. पाठ ताठ, हात मांडीवर. झाड नव्हतं. बाजूला करवत पडली होती. शिक्केवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. कुंपणाची तार झाडाला बांधून विसरलात, तर वीस-पंचवीस वर्षांत झाड ती गिळतं, तारेवर साल चढते. बघितलंय ना तुम्ही? करवतीच्या पात्यावर तशी साल चढली होती, जाड, जुनी, भेगाळलेली. पाच मिनिटांपूर्वी ही करवत चालत होती.

“बारक्या... लागलं का रे कुठं?”

“नाही, भाऊजी.” त्यानं वर पाहिलं. “काही झालं नाही. घरी जाऊ.”

तो जिवंत होता, बोलत होता. शिक्केवाल्यानं त्याला उठवून मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. बारक्या स्थिर उभा राहिला, त्यानं रडू दिलं. त्याच्या कपड्यांना बंद खोलीचा वास येत होता.

घरी ताईनं आधी दोघांनाही फैलावर घेतलं, मग भावाचा मातीनं भरलेला सदरा काढायला लावला. आणि तिचा हात तोंडावर गेला. बारक्याच्या छातीवर, मधोमध, हाताच्या तळव्याएवढी कातडी तासलेली होती. त्यात गोल आणि गोलात तीन उभ्या रेघा. रक्त नव्हतं. जखमेच्या कडा जाड होऊन आत वळल्या होत्या, झाडाच्या जुन्या घावाच्या वळतात तशा. कित्येक वर्षांची जखम वाटावी. काल रात्री ह्याच घरात तो उघडा बसून जेवला होता, तेव्हा छातीवर काही नव्हतं.

“टाच बघा,” खिडकीशी बसलेले सासरे म्हणाले.

उजव्या टाचेवर दुसरा शिक्का होता.

शिक्का पडला की हंगाम संपायच्या आत उतरायचंच, हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. ताईच्या ओठांवर नुसता आकडा आला. “दहा दिवस...” ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

“रद्द करा,” सासरे म्हणाले.

“छातीवर हातोडी मारू, मामा? ह्याच्या?”

“दुसरा मार्ग मला माहीत नाही.” म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “माझा पोरगा आहे तो. माहीत असता तर सांगितला नसता?”

“मारा, भाऊजी,” बारक्या म्हणाला. तो स्वतःच उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

शिक्केवाल्यानं हातोडी उचलली. दोनदा उचलून ती परत खाली ठेवली. हाडाला धक्का लागायला नको, निसटता घाव घालायचा, असं तो मनाशी घोकत होता. आणि मग, बावीस वर्षांची सवय, त्यानं आधी डावा हात पुढं केला. उघडा तळहात बारक्याच्या छातीवर ठेवला. तीन श्वास थांबला.

छाती गार होती. ओलसर, सकाळी असते तशी गार. ह्या छातीवर कान ठेवून त्यानं तापातल्या पोराचे ठोके मोजत दिवस काढले होते. आता ठोका नव्हता. फार आत, फार सावकाश, काही तरी खालून वर चढत होतं. त्यानं नजर वर केली. बारक्या त्याच्याकडे बघत होता, शांत, मायेनंच म्हणा ना, पण ती माया ओळखीची नव्हती.

त्यानं घाव घातला. हलकाच. आवाज आला तो खणखणीत. निरोगी, भरीव, उभ्या लाकडाचा. बारक्याची पापणीही लवली नाही. टाचेवरच्या घावालाही तोच आवाज आला. शिक्क्यांवर आडवी रेघ उमटली.

“झालं ना?” ताईनं विचारलं. “वाचला ना तो?”

“झालं,” शिक्केवाला म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवलं नाही. खिडकीशी बसलेल्या सासऱ्यांनीही तो आवाज ऐकला होता. त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जंगलात गेला. चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये एक्केचाळीस उभं होतं, जणू कधी हललंच नव्हतं. साल अखंड होती, शिक्का नव्हता, आकडा नव्हता. त्यानं उघडा हात खोडावर ठेवला. ऊब लागली. तापल्या भांड्याची नव्हे, माणसाची ऊब, पांघरुणातल्या पोराची. आणि तळहाताखाली ठोके होते, घाबरलेले, भराभर पडणारे. ते त्याच्या ओळखीचे होते.

“बारक्या...” तो म्हणाला.

ठोके आणखी जलद झाले. सासऱ्यांनी सांगितलं होतं, हात काढायचा, माफी मागायची, मागं न बघता पुढं चालायचं. त्यानं माफी मागितली. शंभरदा मागितली. हात मात्र त्याला काढवेना. दुपारपर्यंत तो तिथंच उभा होता.

तपासणीला साहेब आला, तेव्हा यादीत एक झाड कमी का म्हणून विचारलं. आतून पोकळ आहे, उपयोगाचं नाही, असं शिक्केवाल्यानं सांगितलं आणि आपल्या तोंडून हे शब्द निघालेले ऐकून त्याला भडभडून आलं. हंगाम संपला. घरातल्या बारक्याला काही झालं नाही. तो जेवतो थोडं, पाणी फार पितो, आणि दिवसभर अंगणात ऊन जिकडे सरकेल तिकडे सरकत उभा राहतो. विचारलं तर उत्तर देतो. करवतीला हात लावत नाही. शिक्केवाल्यानं हातोडी परत केली, पण पहाटेचं जाणं सोडलं नाही. आता तो राखणीला जातो. तिथं कोणी कुऱ्हाड घेऊन फिरकलं तर त्याच्या अंगावर धावून जातो, असं म्हणतात.

बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? आपण ह्या बाईचा भाऊ हरवून दुसराच आणून दिला, हे तिला कळू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. परवा तो सकाळी जंगलातून परतला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला. बारक्या चौकटीला पाठ लावून उभा होता, टाचा जुळवून, हनुवटी वर करून. लहानपणी उभा राहायचा तसा. ताई स्टुलावर चढली होती आणि तिच्या हातात सुरी होती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. हळूच विचारलं, “तिकडे... झाडाला ऊब आहे ना अजून?”

“आहे,” शिक्केवाला म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. तिनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि बारक्याच्या डोक्यावरून चौकटीत सुरी ओढली. विसाव्या वर्षीच्या खाचेच्या वर आता सहा नव्या खाचा झाल्या आहेत, आणि वरच्या लाकडापर्यंत जेमतेम वीतभर जागा उरली आहे.